बाबांसाठी स्मार्टवॉच घ्यायचंय, बीपी दाखवणारं कुठलं चांगलं?

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे. रोज पहाटे साडेपाचला बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जातात, तीन फेऱ्या मारतात, येताना गाड्यावर चहा पितात आणि घरी येऊन "अजून चहा झाला नाही" म्हणतात. बीपीची गोळी सहा वर्षं चालू आहे, शुगर काठावर. गेल्या महिन्यात चालताना चक्कर आली, अर्धा तास बाकावर बसून होते. ही गोष्ट आम्हाला चार दिवसांनी कळली, तीही त्यांच्या फिरायच्या ग्रुपातल्या एका काकांकडून.

पुण्याच्या भावानं फर्मान काढलंय, "अक्का, दहा हजारांपर्यंतचं घड्याळ घे, पैसे मी पाठवतो." काल बाजारात गेले. एका दुकानातल्या पोरानं २,२०० रुपयांचं दाखवलं. त्यात म्हणे बीपी, शुगर, ऑक्सिजन, ईसीजी सगळं. पलीकडच्या दुकानात २७,००० चं, त्यात शुगर नाही. महागात कमी आणि स्वस्तात जास्त, ही काय भानगड?

बाबांचा फोन साधा अँड्रॉइड. बारीक अक्षर दिसत नाही. डाव्या हातात पहिल्या पगारातलं एचएमटी जनता आहे, चावीचं. ते काढणार नाही हे त्यांनी आधीच जाहीर केलंय.

निपाणीकर_तात्या
पहिल्या दुकानातून पळून या. बाकीचं नंतर बोलू.

उद्यमबागेतला_टर्नर
अक्का, माझी कथा ऐका. दोन वर्षांमागं मी असंच एक घेतलो हुतो, सगळं दावणारं. कंपनीचं नाव सांगत न्हाई, डब्यावर पण धड नव्हतं. शिफ्टवरनं आलो, बीपी ११८/७६. तीन जिने चढलो, ११८/७६. बायकोसंगट भांडलो, ११८/७६. सासू आली, तरी ११८/७६. तवा मनात शंका आली. एक दिवस केळ्याला बांधलो. ठोके ७४, ऑक्सिजन ९८, बीपी ११८/७६. केळं आमच्या वट्ट घरात सगळ्यात तंदुरुस्त निघालं. खरं दोन दिवसांत काळं पडलं.

पुणेरी_पाहुणा
"खरं दोन दिवसांत" म्हणजे? खोटं कधी पडणार होतं? 😀

निपाणीकर_तात्या
पाहुणे, आमच्याकडे "खरं" म्हणजे "पण". इथं राहायचं तर एवढं शिकून घ्या.

नाडीवैद्य_एमबीबीएस
टर्नरभाऊंचा प्रयोग हसण्यासारखा असला तरी त्यातून मुद्दा नेमका कळतो. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त थोडं जास्त येतं, परतणारा प्रकाश कमी होतो, आणि घड्याळ ही चढउतार मोजतं. म्हणजे ते मुळात नाडी मोजतं. बरं घड्याळ, पट्टा नीट आवळलेला आणि माणूस शांत बसलेला असेल, तर नाडीचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. केळ्यावर बांधलं तर परतणाऱ्या प्रकाशातल्या किरकोळ हालचालीतही त्याला ठोका सापडतो, कारण त्याला ठोका शोधायलाच सांगितलेलं असतं.

बीपी वेगळी गोष्ट. ते रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा दाब आहे. मोजायचा तर दंडाला पट्टा बांधून, हवा भरून वाहिनी दाबायची आणि हवा सोडताना रक्त पुन्हा कधी धावतं ते बघायचं. हिरवा दिवा कशालाच दाबत नाही. स्वस्तातलं घड्याळ तुम्ही भरलेलं वय, वजन आणि नाडी बघून अंदाज ठोकतं. बहुतेकांचं बीपी १२०/८० च्या आसपास असतं, त्यामुळे तो अंदाज बहुतेकांना पटतोही. ज्याचं १७० झालंय त्याच्याच बाबतीत चुकतो, आणि त्यालाच तर गरज असते.

सॅमसंगच्या काही घड्याळांत बीपी आहे. पण आधी दंडाच्या यंत्रानं मोजून तो आकडा घड्याळाला शिकवावा लागतो, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. म्हणजे यंत्र घ्यावं लागतंच, वर फोनही सॅमसंगचाच हवा. ॲपलनं २०२५ मध्ये बीपीची सूचना आणली, तीही ३० दिवसांचा कल बघून "तपासून घ्या" एवढंच म्हणते, आकडा देत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या आकडा द्यायला बिचकतात आणि २,२०० चं घड्याळ बिनधास्त देतं, तुमच्या भानगडीचं उत्तर हेच. खरंच मनगटावर बीपी मोजणारं घड्याळ ओमरॉननं काढलं होतं, हार्टगाइड. त्याचा पट्टा हवेनं फुगतो.

शुगरबद्दल तर एका ओळीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं जाहीर इशारा दिला की कातडीला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर मिळतो, तो खरा. पण त्याची बारीक तार कातडीखाली जाते.

कुंदाप्रेमी
डेपोच्या तीन फेऱ्या वजा गाड्यावरचा चहा वजा पाव किलो कुंदा. हा हिशेब कुठलं घड्याळ करतं ते सांगा, मी आत्ता घेतो.

शहापूरची_लेक
@नाडीवैद्य_एमबीबीएस डॉक्टर, मनापासून आभार. म्हणजे बीपीसाठी घड्याळ नकोच. @कुंदाप्रेमी, बाबांना हे दाखवू नका, ते कुंदा दोन वाट्या खाऊन "हा दुधाचा पदार्थ आहे" म्हणतात.

पुणेरी_पाहुणा
माझं स्पष्ट मत, घ्यायचंच तर ॲपल वॉच. ईसीजी आहे, माणूस पडला तर कळतं. बाकी सगळी खेळणी.

चोर्लावरची_सायकल
बाबांचा फोन अँड्रॉइड आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही. म्हणजे घड्याळासाठी आधी आयफोन घ्यायचा! शिवाय त्यातल्या स्वस्त एसईमध्ये ईसीजी नाही. आणि त्या एसईची बॅटरी कंपनीच सांगते १८ तास. ७१ वर्षांच्या माणसाला रोज रात्री आठवणीनं चार्जिंगला लावायला सांगायचं, आणि त्यात आपल्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल नेम नाही.

मी स्वतः गार्मिनवाला. जांबोटीवरून चोर्ला घाटापर्यंत सायकल मारतो, म्हणून जीपीएस हवंच. फोररनर ५५ चार वर्षं वापरतोय, एकदा चार्ज केलं की मला दहाबारा दिवस जातं. पण बाबांना ते लागणार नाही, व्हॅक्सिन डेपोत माणूस हरवत नाही. मात्र दोन गोष्टी बघाच. घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे की फोनचं उसनं घेतं, हे दुकानदाराला विचारा. आणि पाण्याचं. ५ एटीएम लिहिलेलं पोहायला चालतं. आयपी६८ म्हणजे पावसाचं, हात धुण्याचं पाणी. साबण आणि गरम वाफ दोघांनाही वाईट. बंबाच्या पाण्यानं आंघोळ करताना काढूनच ठेवायचं.

येळ्ळूरकर
पावलांचा आकडा कुणी मनावर घेऊ नका. माझ्या मिसेसनं घड्याळ बांधून भाकऱ्या केल्या. पिशवीभर पाहुणे आले होते, वीस-बावीस भाकऱ्या थापल्या. चुलीपुढनं उठली नाही आणि हजारावर पावलं! मनगट हललं की ते पाऊल धरतं. उलट मी दोन्ही हातात घागरी घेऊन शेतात गेलो, हात हलले नाहीत, तर निम्मीच पावलं लागली. गावाकडनं बेळगावला दुचाकीवर येताना पण तीनचारशे चढतात. रस्त्याचे उपकार.

खानापूरची_पोर
"पिशवीभर पाहुणे" 😂😂

निपाणीकर_तात्या
येळ्ळूरकर, वहिनींना सांगा, भाकरी मोड म्हणून नवीन व्यायामप्रकार टाका त्यात.

इतिहासाचा_किडा
दहा हजार पावलांचं मूळ सांगतो. हा आकडा वैद्यकातून आलाच नाही. १९६४ ला टोकियो ऑलिंपिक झालं आणि १९६५ ला यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं. नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र. नाव कानाला बरं लागलं आणि जगभर तोच नियम झाला. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगतच नाही, आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चाल सांगते. बाबा रोज पाऊण तास चालत असतील तर ते कधीच पास झालेत.

सदाशिवनगरची_काकू
एक गोष्ट कुणी सांगितली नाही. घेण्याआधी दुकानातच स्वतःच्या फोनवरून एक मराठी मेसेज पाठवून बघा. माझ्या आधीच्या घड्याळावर मराठी मेसेज आला की नुसते चौकोनी डबे दिसायचे. शेजारच्या अक्कानी कन्नडमध्ये पाठवला, तर त्याचेही डबे. निदान त्या घड्याळानं सीमाप्रश्न सोडवला होता, दोन्ही भाषांना सारखा न्याय.

कुंदाप्रेमी
😂 महाजन आयोगाला हे घड्याळ द्यायला हवं होतं.

टिळकवाडी_वकील
महाजन अहवालावर बोलायचं तर पहिल्यांदा हे लक्षात घ्या की १९६७ च्या त्या अहवालात

निपाणीकर_तात्या
वकीलसाहेब, हात जोडतो. ते २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ह्या धाग्यावर निकाल लागणार नाही. बाईंना घड्याळ घेऊ द्या.

टिळकवाडी_वकील
बरं. मग घड्याळाचं बिल पक्कं घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. बरीच सर्व्हिस सेंटरं इथं नाहीत, कोल्हापूर नाहीतर हुबळी गाठावं लागतं. चार हजारांच्या वस्तूसाठी दोन दिवसांची रजा जाते. हा अनुभवाचा सल्ला, फी नाही.

खानापूरची_पोर
मला वाटतं सगळे बीपीच्या मागे लागलेत आणि मूळ भीती राहिली बाजूला. मीनाक्का (नाव चुकलं तर माफ करा, मनानंच ठेवलं), तुम्हाला काळजी आहे ती बाबा परत चक्कर येऊन पडले तर काय, ह्याची. बरोबर ना? माझी आजी गोठ्यात पडली होती, दोन तास कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून मी ह्या गोष्टी वाचत असते. पडल्याचं ओळखणारी घड्याळं आहेत. खरं घड्याळात स्वतःचं सिम नसेल तर ते फोनवरूनच तुम्हाला कळवणार. फोन ब्लूटूथच्या टप्प्यात नसेल तर घड्याळ हातावर नुसतं थरथरत बसणार. सिमवालं घ्यायचं तर महाग, त्यात ई-सिम, त्याचं रिचार्ज वेगळं. आमच्या गावाला तर तेही उपयोगाचं नाही, रेंज आंब्याच्या झाडाखालीच येते. बाबा चालायला जाताना फोन नेतात का?

शहापूरची_लेक
...
नाही नेत. चार्जिंगला लावून जातात. "सकाळी सकाळी कुणाचा फोन येणार आहे" म्हणतात.
(नाव मीना नाही, पण आवडलं. राहू दे.)

खानापूरची_पोर
मग घड्याळाच्या आधी तेवढं करा. फोन खिशात, आणि शर्टाच्या खिशात एक कार्ड. त्यावर नाव, घरचा नंबर, कुठल्या गोळ्या चालू आहेत. त्याला बॅटरी लागत नाही.

उद्यमबागेतला_टर्नर
ही पोर बरोबर बोलालीय.

वैतागलेला_रिटायर्ड
मी ६८ चा आहे आणि बाबांच्या बाजूनं बोलतो. मुलानं मला घड्याळ बांधलं. रात्री तीनला उठून झोपेचे गुण बघायचो, ५४ आले की उरलेली झोप जायची. दुपारी आरामखुर्चीत पडून टीव्ही बघितला की ते "झोप" धरायचं. एक दिवस म्हणालं, तुमचा ताण वाढलाय. अरे, तुझ्यामुळेच! काढून नातवाला दिलं. माणसाला सारखं तपासत राहिलं तर चांगला माणूसही आजारी पडतो.

हिंडलग्याचा_शेजारी
वैतागलेले काका, तुमचा राग समजतो, पण सगळ्यांनाच लागू होत नाही. माझे मामा, ६४. घड्याळ दोनदा म्हणालं, बसल्याजागी ठोके १३० च्या वर. मामांना काही जाणवत नव्हतं, म्हणाले यंत्र बिघडलंय. मामीनं बोट धरून नाडी मोजली, तीही वेडीवाकडी. दवाखान्यात ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे ठोक्यांची लयच बिघडलेली. आज रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घड्याळानं रोग सांगितला नाही, पण दार ठोठावलं.

नाडीवैद्य_एमबीबीएस
@हिंडलग्याचा_शेजारी, अगदी बरोबर. अनियमित ठोक्यांची चाहूल, ह्या एका बाबतीत घड्याळाची खरी मदत होते. मात्र घड्याळातला ईसीजी एकाच बाजूनं हृदय बघतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. छातीत दुखत असताना घड्याळ "सगळं ठीक" म्हणालं म्हणून घरी बसू नका. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही.

आणि ताई, बाबांची बीपीची गोळी कुठली? नावाच्या शेवटी "लोल" येतं का? मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल वगैरे. ह्या गोळ्या ठोके मुद्दामच हळू ठेवतात. घड्याळ २२० वजा वय असा ढोबळ हिशेब करून "तुमची मेहनत कमी पडतेय, अजून जोरात" सांगत राहतं. त्याच्या नादानं त्यांनी वेग वाढवायचा नाही. साधी कसोटी ठेवा, चालताना गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये.

घरी बीपी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा नाही. दोनदा मोजा. आणि चक्कर आली होती म्हणून एकदा उभं करूनही मोजा, एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. हे आकडे लिहून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ते घड्याळाच्या खरेदीपेक्षा आधी.

कुंदाप्रेमी
गाणं म्हणता येऊ नये? मग आमच्या ग्रुपातले एक काका डेपोत भजनं म्हणत चालतात, त्यांचा व्यायामच होत नाही म्हणायचा.

चोर्लावरची_सायकल
त्यांचा नाही, ऐकणाऱ्यांचा होतो. सगळे पुढे पळतात.

शहापूरची_लेक
तीन आठवड्यांनी परत येतेय. धागा वर काढल्याबद्दल रागावू नका.

गोळी "लोल"वालीच निघाली. दंडाचं बीपी यंत्र आधी घेतलं. बसून १३८/८२, उभं केल्यावर ११२/७०. मी दोनदा मोजलं, वाटलं माझंच चुकलं. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाबा पहाटे उपाशीपोटी गोळ्या घेऊन लगेच निघायचे. आणि त्यात दुसरी एक लघवीची गोळीही होती, तिचा आम्हाला विसरच पडलेला. डॉक्टरांनी एकीचा डोस कमी केला, वेळा बदलल्या, निघण्याआधी पाणी आणि दोन बिस्किटं सांगितली. अजून तरी परत चक्कर नाही.

मग घड्याळही घेतलंच, कारण भावाचे पैसे येऊन पडले होते आणि तो रोज विचारत होता. अमेझफिट बिप ५. स्क्रीन मोठी, आकडे चष्म्याशिवाय दिसतात. बीपी दाखवत नाही, ही आता आम्हाला जमेची बाजू वाटते. दुकानातच मराठी मेसेज पाठवून बघितला, @सदाशिवनगरची_काकू, डबे नाहीत. दुकानातला पोरगा विचारत होता, "अक्का, बाकी लोक ठोके बघतात, तुम्ही मेसेज काय बघालाय?"

बाबा ते उजव्या हातात बांधतात. डाव्यात एचएमटी. सकाळी चावी देताना दोन्ही शेजारी धरून बघतात आणि स्मार्टवॉच बरोबर चाललंय का ते तपासतात. फोन खिशात नेतात आता, पण त्याचं कारण आम्ही नाही. फोन नेला नाही तर गाड्यावर ग्रुपातल्या लोकांना चाललेल्या रस्त्याचा नकाशा दाखवता येत नाही. त्या नकाशावरूनच आम्हाला कळलं की तिसरी फेरी कधीच पूर्ण होत नव्हती, अर्ध्यातून चहाकडे वळते.

एक अडचण. रबरी पट्ट्याखाली घामानं पुरळ आलंय. २२ मिलिमीटरचा कापडी पट्टा कुठं मिळेल?

निपाणीकर_तात्या
रात्री काढून ठेवायला सांगा, पुसून कोरडं होऊ दे. पट्टा निपाणीत तरी मला मिळाला नाही.

उद्यमबागेतला_टर्नर
गणपत गल्लीत घड्याळवाले हाईत, थितं हुडका. एचएमटी पण घेऊन जावा संगट, एकदा तेल घालून घ्या. एचएमटीची घड्याळ कंपनी सरकारनं २०१६ लाच बंद करायची ठरवली.

वैतागलेला_रिटायर्ड
ते एचएमटी विकायचं असेल तर आधी मला सांगा.

शहापूरची_लेक
बाबांनी शेजारी बसून वाचलं. "नाही" म्हणालेत.